पाणी नितळ, तरी मासे एकेक करून कमी होतात: दोष सोबतीचा असू शकतो

तक्रार साधारण अशी असते. दोन फुटांची टाकी, फिल्टर दिवसरात्र चालू, पाणी नितळ, आठवड्याला थोडं बदललंही जातं. तरी दोन-तीन आठवड्यांनी एखादा मासा जातोच. कधी एंजलची शेपटी कुरतडलेली दिसते, कधी निऑन मोजले तर एक कमी भरतो आणि मेलेला मासाही कुठे सापडत नाही. दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो, रिकामी जागा भरायला एक नवी जोडी देतो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी मी आधी एवढंच विचारतो, की आत कोण कोण आहे? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. दोन गोल्डफिश, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन ब्लॅक विडो, दोन ‘शार्क’, चार-सहा निऑन आणि काच साफ करायला एक सकर. टाकी, हूड म्हणजे वरचं झाकण, फिल्टर, रंगीत खडे यांच्याबरोबर हा संच पहिल्याच दिवशी घरी येतो. औषध बदलण्याआधी ही यादी बदलायला हवी. हे मासे एकमेकांबरोबर टिकणारे नाहीत, आणि दोन फुटांत तर नाहीतच.

पाण्याचा संशय आधी मिटवा

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर कारण भांडण नाही. टाकी लावून सहा आठवडे झाले नसतील तर फिल्टरमधले जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून तयार होणारा अमोनिया साचत राहतो. पाणी बदलल्यावर तासा-दोन तासांत त्रास सुरू झाला असेल तर नळाच्या पाण्यातला क्लोरिन, म्हणजे क्लोरिन घालवणाऱ्या अँटिक्लोरिनचे थेंब टाकायचे राहिले. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट, त्याचा इलाज वेगळा.

पाणी नितळ आहे हा पुरावा धरू नका, अमोनियाला रंग नसतो. थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि त्यापासून बनणारा, तोही विषारी नायट्राइट, दोन्ही शून्य निघाले, आणि तरी मासे वेगवेगळ्या दिवशी, एकेक करून, ठरावीक जातींचेच जात असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

खुणा

पंखांपासून सुरुवात करा. चावलेल्या पंखाचा अर्धगोल तुकडा निघालेला असतो, पण उरलेला पंख स्वच्छ आणि पारदर्शक असतो. पंख कुजण्याच्या रोगात कड दुधाळ किंवा लालसर होते आणि रोज थोडी आत सरकते. गोंधळ इथेच होतो: चावलेल्या पंखालाच पुढे हा रोग लागतो. निळं औषध टाकलं की चार दिवस आराम पडतो आणि आपली खात्री पटते की रोगच होता. चावणारा मात्र तिथेच असतो. शंका असेल तर जखमी मासा वेगळा काढा. बादलीत टाकीतलंच पाणी, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, वर जाळी, आणि रोज थोडं पाणी बदलायचं. औषधाशिवाय आठवड्या-दोन आठवड्यांत पंख पारदर्शक कडेने परत वाढायला लागला, तर टाकीत कुणीतरी चावतंय हे नक्की.

मासा गायब झाला असेल तर आधी टाकीच्या मागे आणि स्टँडखाली बघा. डॅनिओ, फायटर, ‘शार्क’ हे सगळे उड्या मारणारे. हूडमध्ये वायरीसाठी ठेवलेली फट त्यांना पुरते, आणि बाहेर पडलेल्या लहान माशाचं काम मुंग्या रातोरात उरकतात. बाहेर काही सापडलं नाही तर आत खाल्ला गेला. आजारी पडून मेलेला निऑनही बाकीचे सकाळपर्यंत संपवू शकतात, त्यामुळे एक गायब झाला म्हणून लगेच कुणाला दोषी धरू नये. पण लहानात लहान मासा आधी, मग त्याहून थोडा मोठा, असा क्रम दिसला तर तळहाताएवढ्या झालेल्या एंजलकडे बघा. दिसायला कितीही राजबिंडा असला तरी एंजल सिक्लिड, म्हणजे ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नच्याच कुळातला आहे, आणि तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी खाद्य असतो. गोल्डफिशही याला अपवाद नाही, फक्त तो जरा संथ.

सकाळी गोल्डफिशच्या किंवा एंजलच्या कुशीवर फिकट, खरवडल्यासारखा डाग दिसतो, त्याबद्दल खाली सकरच्या भागात लिहिलं आहे.

एकच मासा हीटरच्या किंवा फिल्टरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहतो आणि बाकीचे मजेत फिरतात: त्याला दटावलं जातंय. एकाचंच पोट आत गेलंय आणि बाकीचे टुमटुमीत: त्याला खाणं मिळत नाही. डोळे बाहेर आलेल्या टेलिस्कोप गोल्डफिशचं असं हमखास होतं, कारण त्याला दाणा दिसेपर्यंत डॅनिओंनी तो संपवलेला असतो. हा मासा मारामारीत मरत नाही. महिन्या-दोन महिन्यांत खंगून जातो, म्हणून त्याच्या जाण्याचा संबंध सोबत्यांशी कुणी जोडत नाही.

हे सगळं बघायचं असेल तर टाकीपासून सात-आठ फूट लांब बसा. काचेजवळ गेलात की मासे तुम्हाला बघून खाण्यासाठी पुढे येतात आणि भांडणं तेवढ्यापुरती थांबतात. दिवा मालवल्यावर दोनेक तासांनी मोबाईलचा टॉर्च कापडाआडून लावून एकदा बघाच. निम्मे गुन्हे त्या वेळेला घडतात.

जोडीने घेण्याची सवय

माझ्या मते या समस्येची मुळी इथे आहे. आपल्याकडे मासे जोडीने विकले जातात, भाव जोडीचा सांगितला जातो, आणि गिऱ्हाईकही ‘चार प्रकारच्या चार जोड्या द्या’ असंच म्हणतं. एकट्याला करमणार नाही, दोघं असले की झालं, हा आपला माणसांचा हिशेब आहे. माशांच्या बहुतेक जातींना तो लागू पडत नाही.

टायगर बार्ब घ्या. सुमात्रा-बोर्निओकडचा हा मासा थव्यात राहतो आणि थव्यात सतत कुरबुर चालते: कोण पुढे, कोण मागे, हे दिवसभर ठरत असतं. आठ-दहा जण असले की ही कुरबुर वाटली जाते, कुणा एकावर सगळा भार येत नाही. दोनच असले की वरचढ मासा दुसऱ्याला छळून संपवतो, आणि मग एकटा उरलेला शेजाऱ्यांकडे वळतो. शेजारी कोण, तर लांब पंखांचे, संथ पोहणारे एंजल नि गोल्डफिश. ब्लॅक विडो आणि सर्पे टेट्रा यांचंही असंच. रंग टोचून किंवा जनुक बदलून गुलाबी-हिरवे केलेले जे टेट्रा मिळतात, ते बहुतेक ब्लॅक विडोच असतात. रंग बदलला म्हणून खोड जात नाही. थवा मोठा केला तर हे मासे बरेच निवळतात, पण म्हणून त्यांना एंजल, फायटर किंवा गोल्डफिशबरोबर ठेवू नका. लांब पंख समोर फडफडत असला की त्यांना राहवत नाही.

कोरीडोरसचं नुकसान उलट्या बाजूने होतं. ‘तळ साफ करायला दोन द्या’ म्हणून आणलेले दोघं दिवसभर दगडामागे दडून बसतात, नीट खात नाहीत आणि जातात. सहा असले तर भर दिवसा मोकळे फिरतात. तळ साफ करणं हे त्यांचं काम नव्हेच. बुडणारे दाणे त्यांच्यासाठी वेगळे टाकावे लागतात, नाहीतर वरच्यांच्या उष्ट्यावर ते उपाशी राहतात. टोकदार दगडांनी त्यांच्या मिशा झिजतात, तिथे वाळू बरी.

जिथे खरोखर जोडी जमते, तिथे तर जोडी हेच भांडणाचं कारण. एंजल लहानपणी नर की मादी ते ओळखता येत नाही. दुकानातून आणलेली ‘जोडी’ दोन नरांची असू शकते. आणि खरंच नर-मादी निघाले, तर वयात आल्यावर एक दिवस फिल्टरच्या पाइपवर किंवा रुंद पानावर अंड्यांच्या रांगा दिसतात आणि त्या दिवसापासून बाकी सगळे मासे एका कोपऱ्यात ढकलले जातात. ‘इतके महिने गुण्यागोविंदाने राहत होते, अचानक काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथे चिकटलेलं असतं. अशा वेळी जोडी वेगळ्या टाकीत हलवावी किंवा मध्ये काचेची आडकाठी घालावी.

गप्पीत एक नर आणि एक मादी ठेवली की नर मादीला क्षणभर सोडत नाही, ती दमून मरते. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, किंवा नुसते नर. नुसत्या माद्या आणल्या म्हणून पिल्लं थांबत नाहीत. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि पुढे काही महिने, साधारण दर महिन्याला पिल्लं देत राहते. फायटरचा नर एकच. त्याच्यासोबत गोरामी नको, ते त्याच्याच कुळातले. आणि रंगीत शेपटीचे गप्पी नकोत, त्यांना तो दुसरा फायटर समजून धरतो.

दुकानात सगळेच एका बोटाएवढे

विकायला ठेवलेले मासे पिल्लं असतात, तीन ते पाच सेंटिमीटरची. त्या वयात ऑस्करसारखा दांडगा मासाही गरीब दिसतो. म्हणून दुकानातल्या एकाच टाकीत सगळे शांत फिरतात याला पुरावा मानू नका. ते तिथे थोडेच दिवस असतात.

पूर्ण वाढलेला फॅन्सी गोल्डफिश पंधरा-वीस सेंटिमीटर होतो. त्याला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो दिवसभर खात आणि दिवसभर पाणी घाण करत असतो. एंजलची पंखांसकट उंची वीस सेंटिमीटरपर्यंत जाते, एक फूट उंचीच्या टाकीत त्याला नीट वळताही येत नाही. ‘शार्क’ नावाखाली तर काहीही मिळतं. काळसर, लाल शेपटीचा असेल तर मोठेपणी टाकीतली एक जागा धरून बसतो आणि जवळ येईल त्याला हाकलतो. तो टाकीत एकच ठेवायचा. चंदेरी, मोठ्या डोळ्यांचा, जरा आवाज झाला की काचेवर आपटणारा असेल तर तो बहुधा पंगासियस, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो. त्याची लांबी मीटरभर होऊ शकते. घरच्या कुठल्याच टाकीत तो मावत नाही, आणि वाढता वाढता बाकीच्यांना गिळतो.

एक इंच माशाला एक गॅलन पाणी, हे जुनं गणित अजून सांगितलं जातं. लहान, सडपातळ माशांसाठी ठीक. मोठ्यांसाठी साफ चुकतं. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या गणिताने सारखे ठरतात, पण त्या एका माशाचं वजन आणि घाण दहा जणांच्या कितीतरी पट. टाकीत नेमकं किती पाणी आहे ते मात्र काढून ठेवा: लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि उत्तराला २८ ने गुणा. २ × १ × १ ची टाकी म्हणजे ५६ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की साधारण ४५. वरच्या संचातले दोन गोल्डफिशच याहून जास्त पाणी मागतात.

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर यांच्यासाठी उत्तर छोटं आहे: एकटे ठेवा. वास्तूसाठी आणलेला फ्लॉवरहॉर्न बाकीच्या माशांसाठी शुभ ठरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सकर

टाकीत शेवाळ आलं की सकर आणा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पिल्लू असताना तो खरंच शेवाळ खातो. वाढला की त्याला सोपं खाणं आवडायला लागतं, आणि रात्री संथ उभा असलेला रुंद अंगाचा मासा, म्हणजे गोल्डफिश किंवा एंजल, त्याला सोपा मिळतो. तो त्याच्या कुशीला चिकटून अंगावरचा चिकट थर खरवडतो. तो थर हे माशाचं संरक्षण. गेला की जंतू आत. सकाळी दिसणारे फिकट डाग ते हेच. सोनेरी अल्गी ईटरची मोठेपणी हीच खोड. सकर स्वतः फूटभराच्या वर वाढतो आणि भरपूर विष्ठा टाकतो, म्हणजे शेवाळाला खत. दिवा सहा-आठ तासांवर आणा, टाकीवर येणारं ऊन अडवा, खाणं निम्मं करा, काच जुन्या प्लास्टिक कार्डने खरवडा; शेवाळ आटोक्यात येतं. मासाच हवा असेल तर ब्रिसलनोज हा सकरचा लहान भाऊबंद, जो बारा-पंधरा सेंटिमीटरला थांबतो.

काढलेला सकर नदीत किंवा तळ्यात सोडू नका. दया म्हणून सोडलेल्या अशाच माशांची आता भीमेवरच्या उजनी जलाशयात पैदास झाली आहे. त्याच्या काटेरी पंखांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. दुकानदार पैसे देणार नाही, पण मासा परत घेतो बहुतेक वेळा. तिथेच द्या.

पाणी कुणाला कुठलं

भांडण नाही, शिकार नाही, तरी एक जात टिकते आणि दुसरी टिकत नाही, तर पाण्याचा स्वभाव बघा. मॉली, प्लॅटी, गप्पी यांना क्षार असलेलं जड पाणी मानवतं. निऑन आणि बहुतेक टेट्रांना मऊ. धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं, बोअरचं जड. सोसायटीत आठ महिने नळाचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, म्हणजे बऱ्याचदा बोअरचंच, पाणी येत असेल, तर एप्रिल-मेमध्ये पाणी बदलल्यावर निऑन का जातात आणि मॉली का खुलतात, याचं कोडं सुटेल. तेव्हा एकदम निम्मी टाकी बदलू नका, दहा-पंधरा टक्के पुरे.

तापमानाचंही तसंच. गोल्डफिशला १८ ते २४ अंश बरं वाटतं, एंजलला २४ ते २८, डिस्कसला २८ ते ३०. गोल्डफिश आणि एंजल एकत्र म्हणजे दोघांपैकी एकाची कायमची गैरसोय. विदर्भातल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ ला जेमतेम ७. दमलेला, धापा टाकणारा मासा मग टायगरच्या तावडीत लवकर सापडतो.

आता करायचं काय

नवीन मासा आणणं आजपासून बंद. संशयित मासा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत घालून ती टाकीतच तरंगत ठेवा, चार-पाच दिवस. दडून बसणारे बाहेर आले, खायला लागले, तर निकाल लागला. काही फरक पडला नाही तर त्याला सोडा आणि पुढचा धरा. जखमीला वेगळं काढून चावणाऱ्याला मोकळं ठेवण्याची सवय असते. त्याने पुढच्या जखमीची सोय होते, बाकी काही नाही.

मग एक बाजू निवडा. गोल्डफिश आवडत असतील तर बाकी सगळे परत करा आणि त्यांना तीन फुटांच्या पुढची टाकी द्या, सोबत कुणी नको. कोरीडोरसही नको, कारण गिळायला गेलेल्या गोल्डफिशच्या घशात त्याचे काटे अडकतात. एंजल हवे असतील तर दीड फूट उंचीची, निदान तीन फूट लांबीची टाकी, त्यात पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि जोडी जमली की बाकीची काढायची, निऑन विसरायचे. टायगर बार्ब हवे असतील तर अडीच-तीन फुटांत दहा टायगर आणि फारसं दुसरं काही नाही. हा थवा एकटाच काय सुंदर दिसतो ते बघायला हवं.

दोन फुटांची टाकी बदलायची नसेल तर तिच्यात निऑनचा आठ-दहांचा थवा, तळाला सहा कोरीडोरस आणि वर एखादा हनी गोरामी, एवढ्यावर थांबा. बोअरचं पाणी असेल तर गप्पी किंवा प्लॅटी, दोन्हींपैकी एक. हीटर लावायचा नसेल आणि गावात थंडी पडत असेल तर झेब्रा डॅनिओ: मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, अठरा अंशांनाही कुरकुर न करणारा. आठ जण, वर झाकण घट्ट. रंगांची विविधता कमी होईल, हे खरं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पाण्यातल्या वनस्पती वाढवा.

नवा थवा आणताना सगळे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घ्या आणि दोन-तीन आठवडे बादलीत वेगळे ठेवा, म्हणजे व्हाइट स्पॉट असेल तर तिथेच कळेल. टाकीत सोडण्याआधी दगड आणि झाडं यांच्या जागा बदला, जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात. जुन्यांना आधी पोटभर खायला घाला, दिवा बंद करा आणि मग नवे सोडा. पहिल्या रात्री टॉर्च घेऊन एक चक्कर मारा, सकाळी मोजा, आणि आठवडाभर रोज त्याच वेळेला मोजत राहा.